बंदूक कोणाची, किमान शिक्षा कोणाला?

निवडणूक जाहीर झाली की आमच्या सुधागड तालुक्यातील परवानाधारक आपापल्या बंदुका पालीच्या पोलीस ठाण्यात जमा करू लागतात. कोणाची बारा बोअरची, कोणाची आजोबांच्या वेळची ठासणीची. बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंना या रांगेचे काही वाटत नाही. मी मात्र ती लहानपणापासून पाहत आलो आहे. हा मुलूख 1948 पर्यंत भोर संस्थानात होता. संस्थान गेले, पुढे खोती कायद्याने गेली, कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला. पण मी पाहिलेल्या रांगांतली आडनावे बहुतेक जुनीच राहिली. बौद्धवाड्यातला किंवा कातकरवाडीतला माणूस त्या रांगेत मला कधी दिसला नाही.

1991 साली याच भागातल्या एका वाडीवरचा कातकरी बंदुकीसह पकडला गेला. बंदूक त्याची नव्हती. ज्याच्या शेताची तो राखण करीत असे, त्या मालकाने डुकरे हुसकावण्यासाठी ती त्याच्या हाती दिलेली होती. मालकाकडे परवाना होता. राखणदाराचे नाव परवान्यावर चढवून घेण्याची सोय कायद्यात आहे. पण कातकऱ्याचे नाव सरकारी कागदावर चढवण्याची तसदी कोण घेणार? पंचनामा झाला तेव्हा मालकाने सांगितले, बंदूक चोरीस गेली होती. राखणदाराला कोणीतरी सल्ला दिला की, गुन्हा कबूल कर, लवकर सुटशील. त्याने कबूल केला. शिक्षा एक वर्ष. त्याच्या बायकोसाठी अर्ज लिहून देण्याचे काम माझ्याकडे आले म्हणून मला निकालाचा कागद पाहायला मिळाला. त्यात लिहिले होते की, कायद्याने ठरविलेली ही किमान शिक्षा आहे.

‘किमान’ हा शब्द तेव्हापासून माझ्या मनात अडकून बसला. न्यायाधीशाला जिच्या खाली उतरता येत नाही, समोरचा माणूस कोण, कोणत्या अडचणीत, कोणाच्या सांगण्यावरून वागला हे पाहता येत नाही, अशी ही शिक्षा. बंदुकीच्या गुन्ह्यांना ती असावी, असे आज जवळजवळ सर्वच पक्ष म्हणतात. आपल्यातले कार्यकर्तेही म्हणतात. म्हणूनच या शिक्षेचा इतिहास आपण आपल्या बाजूने एकदा वाचला पाहिजे.

शस्त्र कोणी धरावे, हा प्रश्न या देशात कायद्याच्या आधी धर्माने सोडविला होता. मनूने द्विजांना, अगदी ब्राह्मणालाही, प्रसंगी शस्त्र उचलण्याची मुभा दिली. शूद्राचे नाव तेथे नाही, आणि अतिशूद्राचा तर प्रश्नच नाही. ज्यांच्या हाती विद्या नाही आणि शस्त्रही नाही ते बंड करीत नाहीत, हे चातुर्वर्ण्याचे खरे गुपित बाबासाहेबांनी 1936 साली ‘जातिभेद निर्मूलना’त उघडे केले. गावगाड्याने महाराच्या हातात दिली ती वेसकराची काठी, तीही इतरांच्या मालाच्या राखणीसाठी. माझ्या कातकऱ्याच्या हातातली बंदूक याच जातीची होती. शस्त्र धरायचे ते मालकाचे, मालकासाठी. जाब मात्र आपण द्यायचा.

इंग्रजांच्या फौजेने हा नियम काही काळ मोडला. 1 जानेवारी 1818 च्या कोरेगावच्या लढाईत महार शिपाई होते, हे सर्वांना ठाऊक आहे. पण गरज सरल्यावर 1892-93 च्या सुमारास त्याच महारांची भरती बंद झाली. आमच्याच जिल्ह्यातल्या महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर, स्वतः निवृत्त लष्करी माणूस, यांनी 1894 साली त्याविरुद्ध अर्ज तयार केला. लष्करातली नोकरी एवढीच त्या अर्जातली मागणी नव्हती. शस्त्र धरण्याचा मान आमच्याकडून काढून घेऊ नका, हे त्यामागचे म्हणणे होते. महार रेजिमेंट उभी राहायला 1941 साल उजाडावे लागले.

दरम्यान 1878 चा हत्यारांचा कायदा आला. 1857 च्या उठावाची धास्ती त्यामागे होती. साऱ्या देशाला परवान्याची सक्ती झाली, परंतु गोऱ्यांना सूट आणि मानकऱ्यांनाही सवलती. काँग्रेसने आपल्या सुरुवातीच्या अधिवेशनांतून या कायद्याविरुद्ध ठराव केले. त्या ठरावांचा रोख गोऱ्याला सूट आणि आम्हाला बंदी का, एवढ्यावर होता. महाराला, मांगाला, रामोशाला परवाना कोण देणार, हा प्रश्न त्या मंडपात कोणी उपस्थित केला नाही. 1879 साली शिरढोणच्या वासुदेव बळवंत फडक्यांनी बंड केले ते रामोशांना सोबत घेऊन. फडके एडनला काळ्या पाण्यावर गेले आणि इतिहासात अमर झाले. त्यांच्यासोबतच्या रामोशांची नावे पाठ्यपुस्तकात शोधून पाहा.

किमान शिक्षेचा उगम मी शोधू लागलो तेव्हा दोन ठिकाणी जाऊन पोचलो. पहिले ठिकाण म्हणजे 1860 चे भारतीय दंडविधान. या संहितेचा साधारण शिरस्ता असा की कमाल शिक्षा सांगायची, खालची बाजू न्यायाधीशावर सोपवायची. पण कलम 397 आणि 398 मध्ये हा शिरस्ता मोडला. लुटीत किंवा दरोड्यात प्राणघातक हत्यार वापरले, किंवा तसे हत्यार बाळगून लुटीचा प्रयत्न केला, तर सात वर्षांहून कमी नाही. 1 जुलै 2024 पासून दंडविधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली, तरी कलम 311 आणि 312 मध्ये ती सात वर्षे जशीच्या तशी आहेत.

दुसरे ठिकाण अधिक बोलके आहे. गुन्हेगार जमातींचा कायदा 1871 चा. 1911 साली तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानला लागू करता येईल असा झाला, 1924 साली पुन्हा नव्याने लिहिला गेला. त्याचे कलम 23 आपल्या प्रत्येक अभ्यासवर्गात वाचले जायला हवे. नोंदलेल्या जमातीत जन्मलेला माणूस परिशिष्टातल्या गुन्ह्यासाठी दुसऱ्यांदा दोषी ठरला, तर विशेष कारण नसल्यास किमान सात वर्षे. तिसऱ्यांदा ठरला तर जन्मठेप काळे पाणी. याला हत्यार लागत नव्हते. जन्म हेच हत्यार. कैकाडी, पारधी, भामटा, मांग गारुडी अशा जमाती मुंबई इलाख्यात या कायद्याखाली आल्या, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुंपणाआड राहिल्या. अण्णाभाऊंनी 1959 साली ‘फकिरा’ लिहून त्यांच्यातल्या एकाला नायक केले. तोपर्यंत सरकारी दप्तरात अशा माणसाला फक्त एक नोंदवही होती, आणि ती हजेरीची होती.

याच दशकातला दुसरा निकाल शेजारी ठेवू. 20 मार्च 1927 रोजी महाडला चवदार तळ्याचे पाणी प्याल्याबद्दल आपल्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. परतणाऱ्या बायका-मुलांनाही सोडले नाही. सभेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले कितीतरी होते. प्रतिकाराची ताकद होती, पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. त्या हल्ल्याबद्दल पाच जणांना प्रत्येकी चार महिने सक्तमजुरी झाली. पारध्याच्या दुसऱ्या चोरीला सात वर्षे, आणि माणसांची डोकी फोडणाऱ्या सवर्णाला चार महिने! हे कोणा एका न्यायाधीशाच्या दुष्टाव्याने घडलेले नाही. कायद्याने ज्याला तळ घालून दिला तो एक होता आणि ज्याला मोकळे सोडले तो दुसरा. 31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा रद्द झाला, जमाती ‘विमुक्त’ झाल्या, आणि लगेच सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याचा 1959 चा.

हत्यारांचा स्वतंत्र भारताचा कायदाही 1959 चाच. सुरुवातीला त्यात शिक्षेचा भर कमाल मर्यादेवर होता. 1983 च्या दुरुस्तीने किमान शिक्षा आल्या: विनापरवाना बंदूक बाळगली तर एक वर्ष, विनापरवाना बनवली-विकली तर तीन वर्षे. 1988 साली पंजाब पेटलेला असताना आणखी कडक दुरुस्ती झाली. बंदी असलेले हत्यार बाळगले तर किमान पाच वर्षे, वापरले तर किमान सात, आणि त्या वापराने कोणी मेला तर एकच शिक्षा, फाशी. दुसरा पर्यायच नाही. केंद्रीय राखीव दलाच्या एका शिपायावर वरिष्ठांना गोळ्या घातल्याचा आरोप होता. त्या दलबीरसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1 फेब्रुवारी 2012 रोजी ही सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरविली. न्यायाधीशाला माणूस पाहूच न देणारा कायदा न्याय्य असू शकत नाही, असा त्याचा आशय. 1983 सालीच मिठू खटल्यात दंडविधानाचे कलम 303 याच कारणाने रद्द झाले होते. फाशीच्या बाबतीत जे न्यायालयाला पटले, ते एका वर्षाच्या बाबतीत माझ्या कातकऱ्याला लागू का नव्हते?

खरे तर होते, आणि इथेच या गोष्टीची मेख आहे. 1983 च्या त्याच कलमात पुरेशी आणि खास कारणे नोंदवून एक वर्षाहून कमी शिक्षा देण्याची मुभा न्यायाधीशाला ठेवलेली होती. मालकाची बंदूक, मालकाचे शेत, डुकरांचा उपद्रव: याहून खास कारण कोणते? पण ते मांडायला वकील लागतो. गुन्हा कबूल करून मोकळ्या झालेल्या माणसाचे कारण कोणी विचारले नाही. त्याच कायद्याचे कलम 39 असेही सांगते की अशा खटल्याला जिल्हा दंडाधिकाऱ्याची पूर्वसंमती हवी. म्हणजे खटला भरावा की नाही, कोणावर भरावा, हे ठरविण्याचा अधिकार शिल्लक राहतोच. किमान शिक्षा न्यायाधीशाचा विवेक काढून घेते, असे म्हणतात. वस्तुतः तो विवेक नाहीसा होत नाही. तो उघड्या न्यायालयातून उठून ठाण्याच्या आणि कचेरीच्या टेबलावर जाऊन बसतो, आणि तेथे निकालपत्र लिहावे लागत नाही.

आमच्या रायगडच्या किनाऱ्याने हे सगळे फार मोठ्या प्रमाणावर पाहिले. जानेवारी 1993 मध्ये दिघीच्या धक्क्यावर आणि फेब्रुवारीत शेखाडीला हत्यारे आणि स्फोटके उतरली. 12 मार्चला मुंबईत बॉम्ब फुटले, 257 माणसे मेली. दिघीचा माल घेऊन निघालेल्या गाड्या गोंडघर फाट्यावर पोलिसांनी अडविल्या होत्या. लाच ठरली, रोकड पुरेशी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या, आणि गाड्या पुढे गेल्या. कस्टमचे अधिकारी आणि पोलीस यांनाही पुढे शिक्षा झाल्या, हे नोंदवले पाहिजे. टाडा कायद्यात कटाला आणि त्याला मदत करणाऱ्याला किमान पाच वर्षे होती. ओझी उतरवणारे, गाड्या हाकणारे त्याच जाळ्यात आले. 21 मार्च 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने या खटल्याचा अंतिम निकाल देताना बॉम्ब ठेवणाऱ्या दहा जणांची फाशी जन्मठेपेत बदलली. ही माणसे खालच्या थरातली, दुसऱ्यांच्या हातचे बाण होती. धनुष्य धरणारे वेगळेच, असे न्यायालयाने त्यावेळी म्हटले. न्यायालयाला हे दिसले, कारण तेथे पाहण्याची मुभा होती. धनुर्धरांपैकी बरेचसे सीमेपलीकडे होते.

त्याच निकालात एका प्रसिद्ध नटाची शिक्षा सहा वर्षांवरून पाचवर आली. दंगलीच्या काळात त्याने घरी रायफल ठेवली होती. पाच वर्षे म्हणजे कायद्याचा तळ. त्याखाली न्यायालय गेले नाही, आणि ते योग्यच झाले. परंतु त्यानंतर काय घडले ते पाहा. राज्यपालांनी घटनेच्या कलम 161 खाली माफी द्यावी म्हणून निवृत्त न्यायमूर्तींपासून पुढाऱ्यांपर्यंत अनेक जण पुढे सरसावले. त्याचे कुटुंब, त्याची भोगलेली वर्षे, दंगलीत वाटलेली भीती, सगळी कारणे वर्तमानपत्रांत रकानेच्या रकाने भरून आली. माफी मिळाली नाही. फर्लो, पॅरोल आणि चांगल्या वर्तणुकीची सूट नियमात बसून मिळाली आणि तो फेब्रुवारी 2016 मध्ये येरवड्यातून बाहेर आला. या माणसावर माझा राग नाही. भीतीने हत्यार जवळ ठेवावेसे वाटणे मला समजते. आपल्या वस्त्यांना ती भीती पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. पण तिच्याबद्दल अग्रलेख कोणासाठी लिहिले जातात?

आता ज्या बंदुकीला परवाना लागतच नाही तिच्याकडे वळू. हत्यारांच्या कायद्याचे कलम 45 सरकारी सेवकाच्या कर्तव्यावरच्या हत्याराला या कायद्यातून वगळते. वगळणे भागच आहे. 11 जुलै 1997 रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला सकाळी लोकांनी पाहिला. लोक रस्त्यावर आले. राज्य राखीव दलाची तुकडी आली आणि तिने गोळीबार केला. दहा माणसे मेली. चारच दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपवले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. तुकडीचा फौजदार मनोहर कदम याला सत्र न्यायालयाने मे 2009 मध्ये, म्हणजे बारा वर्षांनी, जन्मठेप दिली. थोड्याच दिवसांत उच्च न्यायालयाने शिक्षेला स्थगिती देऊन त्याला जामिनावर सोडले. येथे किमान शिक्षेचा प्रश्नच उद्भवला नाही. दिलेली शिक्षा कमाल होती. ती भोगायची केव्हा, एवढेच बाकी होते.

अमेरिकेचा अनुभव आपल्याला परका नाही, कारण 1972 साली आपल्या तरुणांनी पँथर हे नाव तेथूनच घेतले. कॅलिफोर्नियात काळे पँथर कायद्याने मुभा असलेल्या भरलेल्या बंदुका उघड घेऊन पोलिसांवर नजर ठेवीत. 1967 साली तेथल्या विधिमंडळाने मल्फर्ड कायदा करून ती मुभाच काढून घेतली. सही गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांची होती. पुढे तेथे बंदुकीच्या गुन्ह्यांना किमान शिक्षा आल्या. मॅसॅच्युसेट्समध्ये 1975 पासून विनापरवाना बंदूक बाळगल्यास एक वर्ष, मिशिगनमध्ये 1977 पासून गुन्ह्यात बंदूक असल्यास जादा दोन वर्षे. मध्यवर्ती सरकारच्या कायद्यात ही जादा शिक्षा किमान पाच वर्षांची. तेथल्या सरकारच्याच शिक्षा आयोगाने 2016 सालच्या प्रकरणांची मोजदाद केली, तेव्हा या मध्यवर्ती कायद्याखाली शिक्षा झालेल्यांत निम्म्याहून अधिक काळे निघाले. आरोप कोणता ठेवायचा हे तेथे सरकारी वकील ठरवितो. आपल्याकडचा फौजदार आणि तेथला सरकारी वकील यांची ओळख नसेल, पण रीत एकच आहे.

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग किमान शिक्षाच नको. मी तसे म्हणू शकत नाही, कारण आपणच ती मागितलेली आहे. 1955 च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड होता. खालचा तळ नव्हता. न्यायालये किरकोळ दंड करून आरोपी सोडून देत. म्हणून 1976 साली किमान एक महिना आला. तोही अपुरा पडला, म्हणून 1989 च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात किमान सहा महिने आले, आणि कर्तव्यात कसूर करणाऱ्या सरकारी सेवकालाही कलम 4 खाली किमान सहा महिने. न्यायाधीशाचा विवेक जातीच्या बाजूने झुकतो, हा आपला अनुभव होता. म्हणून तो विवेक बांधून ठेवा, असे आपण म्हटले. ती मागणी चुकीची नव्हती. परंतु तिचे पुढे काय झाले? किमान सहा महिने देण्याऐवजी निर्दोष सोडणे सोपे झाले. किंवा खैरलांजीप्रमाणे (29 सप्टेंबर 2006) शिक्षा झाली तरी अत्याचाराचे कलमच न्यायालयाने लावले नाही. बिहारात लक्ष्मणपूर-बाथे येथे 1 डिसेंबर 1997 रोजी रणवीर सेनेने बंदुकांनी 58 दलितांना मारले. 2010 साली 26 जण दोषी ठरले, 2013 च्या ऑक्टोबरात पाटण्याच्या उच्च न्यायालयाने सगळे सोडले. निर्दोष सुटलेल्याला किमान शिक्षा किती, याचे उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

फरक मला एवढाच दिसतो, आणि तो महत्त्वाचा आहे. आपण मागितलेला तळ बलवानासाठी होता. तो वापरला जात नाही. राज्याने स्वतःहून घातलेला तळ हाती सापडलेल्यासाठी आहे. तो बिनचूक वापरला जातो. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने बंदी असलेल्या हत्याराची किमान शिक्षा पाचाची सात केली, विनापरवाना बनवण्या-विकण्याची तीनाची सात केली. त्याच दुरुस्तीत लग्नावरातीत आनंदाने गोळ्या झाडून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तेथे किमान काही नाही. वरातीत बंदूक कोण उडवितो, हे सांगायची गरज नाही. दलित नवरदेव घोड्यावर बसला म्हणून मार खातो; बंदूक उडवणे तर दूरच.

एक नियम मात्र कार्यकर्त्यांनी कागदावर उतरवून खिशात ठेवावा. अत्याचार प्रतिबंधक नियम 1995, नियम 3. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात इतरांचे हत्यारांचे परवाने रद्द करून हत्यारे सरकारजमा करणे, बेकायदा हत्यारे जप्त करणे आणि गरज वाटल्यास अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना संरक्षणासाठी परवाने देणे, या तिन्ही गोष्टी त्यात लिहिलेल्या आहेत. मला स्वतःला आपल्या प्रत्येक वस्तीत बंदूक यावी असे वाटत नाही. महाडला बाबासाहेबांनी माणसे का आवरली, हे मी विसरलेलो नाही. पण अत्याचारानंतर गावातले परवाने रद्द करण्याची मागणी करायला काय हरकत आहे? शिक्षेची वाट बारा-बारा वर्षे पाहावी लागते. परवाना रद्द करायला जिल्हाधिकाऱ्याची एक सही पुरते. आपल्या मोर्च्यांच्या निवेदनांत ही मागणी मी फार क्वचित वाचली आहे.

कातकरी वर्ष भोगून परत आला. मालकाने दुसरा राखणदार ठेवला होता, म्हणून तो खोपोलीकडे वीटभट्टीवर गेला. जप्त झालेली बंदूक मुद्देमाल म्हणून परवानाधारकाला परत मिळाली. पुढच्या निवडणुकीच्या वेळी ती मी ठाण्याबाहेरच्या रांगेत पाहिली. तिला नवा चामडी पट्टा लावलेला होता.